वरचा शिक्का, खालचा शिक्का

आलेल्या पत्राला उत्तर न देणारा माणूस थेट नरकात जातो आणि तिथं त्याचं टपालसुद्धा त्याला मिळत नाही, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. हे मामा पस्तीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी करून निवृत्त झाले आणि सांगलीत विश्रामबागेत येऊन राहिले. पोस्टानं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी पोस्टाला केलं नाही. ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर आली की ते आधी गावं लावल्यासारखी त्यांची जागा लावत. घरात आलेली लग्नपत्रिका ते उघडत नसत, आधी उलटीपालटी करून शिक्के वाचत. "मंगळवारी कोरेगावात टाकलीय. बुधवारी साताऱ्यात. इथं शुक्रवारी. मग गुरुवारी ही बया होती कुठं?" या चौकशीत लग्न होऊन जाई, पण गुरुवारचा शोध लागे. दहिवडीच्या एका चुलतभावाच्या निधनाचं कार्ड आलं तेव्हा त्यांनी भिंग घेऊन पाच मिनिटं शिक्का तपासला, "तारीख नीट उमटलेली नाही," म्हणाले, आणि मग रडले. रडले मात्र खरोखरचे. मामींनी सांगितलं, दोन दिवस जेवले नाहीत.

अशा माणसाच्या हातात ई-मेल देणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला वाळवंटात सोडून "मार हात" म्हणण्यासारखं होतं. पण तसं घडलं खरं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मामांची एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर मस्कतला निघाली आणि जाताना आपला संगणक आईवडिलांच्या घरी ठेवून गेली. मामींनी त्याला लोकरीचं झालर लावलेलं आवरण विणलं. मुलीनं मामांना टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट कसं जोडायचं, मेल कशी उघडायची, हे वहीत अनुक्रमांक घालून लिहून दिलं. दर रविवारी तिची मेल येई. मामा त्या दिवशी अंघोळ करून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून संगणकापुढं बसत. मेल मोठ्यानं वाचत, मामी पदराला हात पुसत ऐकत, आणि मग "पत्र पोचले, मजकूर कळला" इथपासून सुरुवात करून मामा तीन तास उत्तर टाइप करत.

आणि मग स्पॅम सुरू झालं. म्हणजे न मागता येणाऱ्या जाहिरातींच्या मेल. शहाणी माणसं असल्या मेल न वाचता पुसतात. मामांनी त्या वाचल्या, आणि नरकाची भीती असल्यामुळे त्यांना उत्तरंही दिली. परीक्षेशिवाय पदवी देणाऱ्या कुणा परदेशी विद्यापीठाला त्यांनी कळवलं, की आपल्या औदार्याबद्दल आभारी आहे, परंतु निवृत्तीनंतर पदवी घेऊन पगारवाढ मिळत नाही. टकलावर केस उगवणाऱ्या औषधवाल्याला लिहिलं, की माझे केस शाबूत आहेत, मात्र माझ्या व्याह्यांचा पत्ता सोबत जोडत आहे. महिन्यात दहा किलो वजन घटवणाऱ्या औषधाची मेल त्यांनी मामींना वाचून दाखवली. त्या रात्री त्यांना घट्ट वरण मिळालं नाही. उत्तर देणारा माणूस सापडला हे पाहून त्या जाहिरातवाल्यांनी एकमेकांना मामांचा पत्ता दिला असावा. रोज दहा, मग वीस, मग चाळीस मेल यायला लागल्या. ज्या कंपनीची इंटरनेटची जोडणी होती, तिनं दिलेली मेलची पेटी होती लहान, ती गच्च भरली. पेटी भरली की नव्यानं आलेली मेल आत न शिरता माघारी जाते. तशी सूचना एकदा आली, आणि मामांच्या पायाखालची फरशी सरकली. कारण मुलीच्या मेल विरळ झाल्या होत्या. दर रविवारची पंधरा दिवसांवर आली होती, आणि आता महिना होऊन गेला होता. तिला पहिलं मूल झालेलं, तेही परमुलखात.

"तिची पत्रं परत जातायत, जावईबापू," मामा मला साताऱ्याला फोन करून म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक पत्र चुकीच्या पिशवीत गेलं नव्हतं, आणि आता स्वतःच्या मुलीचं पत्र स्वतःच्या दारातून परत जात होतं. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मला बोलावणं आलं त्याचं कारण असं, की मी साताऱ्यात संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यातला एक महिना वीज नव्हती आणि एक महिना मास्तर नव्हते. पण बायकोनं माहेरी जी कीर्ती पसरवली होती ती ऐकून मलाही स्वतःबद्दल आदर वाटू लागला होता. संगणकाच्या एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी माझ्याजवळ होती. तीत स्पॅमची तक्रार करणारा एक प्रोग्राम होता. कचऱ्याची मेल त्याला दाखवायची, तो ती कुठल्या कंपनीतून निघाली हे शोधतो, आणि त्या कंपनीकडं "तुमचं हे गिऱ्हाईक लोकांना छळतंय, बंदोबस्त करा" अशी तक्रार धाडतो. मी सीडी खिशात घातली, कराड, इस्लामपूर करत एस.टी.नं सांगलीत उतरलो, आणि जावयाला शोभेल अशा बेतानं आधी जेवलो.

सीडी घातल्यावर प्रोग्रामनं पहिला सल्ला दिला, की तक्रारीत आपला खरा पत्ता झाकून ठेवा. मामा खुर्चीतून उठलेच. "निनावी अर्ज? माझ्या हातून? खात्यात असताना निनावी अर्ज करणाऱ्याच्या घरचं मी पाणी प्यालो नाही!" त्यामुळे तक्रारीच्या खाली मामांचं पूर्ण नाव, निवृत्त हुद्दा, आणि "मारुतीच्या देवळामागे, विश्रामबाग, सांगली" हा पत्ता गेला. पुढच्या खिडकीत खरा प्रश्न होता. प्रत्येक मेलच्या डोक्यावर ती कुठून कुठून आली याच्या ओळी असतात, एकीखाली एक. त्यातली उगमाची ओळ कुठली, ते आपण सांगायचं होतं. मी कोर्सची वही आठवली. त्या दिवशी वीज नसावी.

"सगळ्यात वरची," मी म्हणालो. "सुरुवात वरून होते, मामा."

मामा चष्मा वर करून त्या ओळींकडं बघत राहिले. "नाही म्हणजे... आपलं सहज विचारतो हं, जावईबापू. हे शिक्केच ना? पाट्या एकावर एक रचत जाव्यात तसे लागलेले दिसतायत. मग पहिला शिक्का तळाला असणार. वरचा म्हणजे शेवटच्या पोस्टाचा. आपल्याच."

"मामा, हे पोस्ट नाही, संगणक आहे," मी हसून म्हणालो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मी आरशासमोरून बाजूला होतो.

आता इथं दुसऱ्या कुणाला मामांनी पुरतं सोललं असतं. शिक्क्याच्या बाबतीत ते साक्षात पोस्टमास्तरालाही सोडत नसत. पण मी पडलो भाचीचा नवरा. जावयाला चूक म्हणायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. जावयानं आमटीला खीर म्हटलं तर सासुरवाडीनं त्यात वेलदोडा घालायचा. मामांनी मामींकडं पाहिलं. मामींनी डोळ्यांनीच "गप्प बसा" म्हणून सांगितलं. आणि ज्या माणसानं पस्तीस वर्षांत एक पिशवी चुकवली नव्हती, त्यानं चुकीची आहे हे ठाऊक असताना वरच्या ओळीवर खूण केली. मी एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण खाली "दर वेळी न विचारता परस्पर तक्रार पाठवावी" असा एक चौकोन होता. तोही मी टिचकी मारून भरून टाकला, मामींनी बांधून दिलेल्या करंज्या घेतल्या आणि साताऱ्याला परतलो.

नवव्या दिवशी फोन. मामांचं इंटरनेट तोडलं होतं. प्रोग्रामनं प्रामाणिकपणे रोज चाळीसच्या चाळीस तक्रारी पाठवल्या होत्या, आणि त्या सगळ्या मामांना इंटरनेट देणाऱ्या सांगलीतल्याच कंपनीविरुद्ध, त्याच कंपनीकडं. तळाशी सही, हुद्दा, मारुतीचं देऊळ. मी पुन्हा एस.टी.त बसलो. मामांना घेऊन त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथं टेबलामागं एक पन्नाशीचे गृहस्थ तक्रारींचे छापील कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"आवं काका," ते म्हणाले, "आमी तुमचं काय घोडं मारलंय? तीनशेच्या वर तक्रारी! आमीच तुमाला केस उगवायचं औषध इकतोय व्हय? मुंबईच्या हापिसातनं इचारत्यात, सांगलीत कोण एवढा लय मोठा स्पॅमवाला हाय म्हणून!"

मी घसा खाकरला. कबुलीसाठी तोंड उघडलं होतं, खोटं नाही बोलत. पण मी वाक्य जुळवेपर्यंत मामा उभे राहिले होते.

"चूक माझी आहे," मामा म्हणाले. "वरचा शिक्का मी पाहिला. खालचा पाहायला हवा होता. आमच्या जावईबापूंनी बरोबर सांगितलं होतं."

त्या गृहस्थांनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा माझ्या कानांकडं. कान तांबडे झाले असावेत. "बरं हाय जावई," ते म्हणाले, आणि तारेला तार जोडून देतो म्हणाले. एवढंच नाही, तर संध्याकाळी घरी येऊन त्यांनी प्रोग्राममध्ये खालच्या ओळीची खूण केली, मी भरलेला चौकोन रिकामा केला आणि मामांची मेलची पेटी झाडून दिली. मी शेजारी बसून जाणत्यासारखी मान हलवत होतो. मामींनी त्यांना पोहे दिले आणि मलाही दिले, पण माझ्या पोह्यांत खोबरं कमी होतं. मामींनाही काही मर्यादा होत्या.

पुढं प्रोग्राम खरंच चालला. मामा एकेक मेल उघडत, खालची ओळ बघत, मान डोलावत आणि तक्रार पाठवत. काही परदेशी कंपन्यांची उत्तरंसुद्धा आली, की अमुक गिऱ्हाईक बंद केलं. मामा त्यांचे आभार मानत. चाळिसाच्या वीस झाल्या, विसाच्या पाच. दीड महिन्यानं मी सांगलीला गेलो तेव्हा मामांनी मला हाताला धरून संगणकापुढं नेलं. पेटी उघडली. आत एकही मेल नव्हती. पांढरी स्वच्छ खिडकी, धुऊन वाळत घातलेल्या पंच्यासारखी.

"वा!" मी म्हणालो. "जिंकलात की, मामा!"

मामांनी संगणकावर लोकरीचं आवरण घातलं. नंतर मामींकडून कळलं. पेटी अशी तीन रविवार रिकामी होती. दर रविवारी सदरा घालून मामा बसले होते आणि उठले होते. शेवटी ते पुन्हा त्या कचेरीत गेले आणि मस्कतहून आलेलं काही माघारी गेलं का, एवढंच विचारलं. गृहस्थांनी सगळी नोंद पाहून सांगितलं, "न्हाई काका, परत गेल्याली एकबी न्हाई. मागल्या चार म्हैन्यांत तिकडनं जेवढं आलं तेवढं तुमास्नी पोचलंय."

म्हणजे पेटी भरली होती म्हणून पत्रं अडली नव्हती. पत्रं लिहिलीच गेली नव्हती. तिच्या पदरात तान्हं मूल, नवऱ्याच्या दोन पाळ्या, परका देश. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि मामांना तर ते कधीच वाटलं नसतं. पण संध्याकाळी आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो तेव्हा ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "कचरा येत होता तेव्हा बरं होतं हो. वाटायचं, त्याखाली काहीतरी अडकून पडलं असेल."

मग म्हणाले, "तो प्रोग्राम काढून टाकता का, जावईबापू?"

मी काढून टाकला. या संगणकावर मी बिनचूक केलेलं ते एकमेव काम. साताऱ्याला आल्यावर मस्कतला एक पत्र लिहायचं मनात आलं, सुरुवातही केली, पण बापलेकीच्या मधल्या ओळींत आपण खूण करायची म्हणजे पुन्हा चुकीच्याच ठिकाणी व्हायची, म्हणून फाडून टाकलं.

त्यानंतर महिन्याभरानं मी गेलो तो रविवारच होता. कचरा परत सुरू झाला होता. मामांनी पेटी उघडली. चौदा मेल होत्या, आणि सगळ्यात तळाला मुलीचं नाव. मला दिसलं, तसं त्यांनाही दिसलं. त्यांचा हात क्षणभर माझ्या गुडघ्यावर आला. मी म्हणालो, "मामा, उघडा की!" तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. वरून सुरुवात केली. पदवीवाला वाचला, केसवाला वाचला, घरबसल्या धंदा शिकवणारा सगळा वाचला, अगदी सावकाश, एकही ओळ न गाळता. मामी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. तेरा झाल्या. मग मामांनी चष्मा पुसला, सदऱ्याची बाही सारखी केली, आणि चौदावी उघडली. चार ओळी होत्या. बाळाला दात आला होता.