इथला खलास

युसूफभाईंचा फोन आला तेव्हा मी नाशिकला माहेरी होते आणि आईशेजारी बसून मेथी निवडत होते. भाईंच्या नंबरवरून नेहमी त्यांची बायको, आमची जमीलाआपाच बोलायची, तिचा स्वतःचा फोन कधी चार्ज केलेला नसायचाच. म्हणून मी उचलल्या उचलल्या "बोल गो" म्हणाले. पण आवाज आपाचा नव्हता. मग भाई म्हणाले, "वैशालीताई, जमीला गेली." दफनही झालं होतं. सौदीत या गोष्टींना वेळ लावत नाहीत, आणि मी तिथे असते तरी बाई म्हणून कब्रस्तानापर्यंत जाऊ शकले नसते. आईने विचारलं, कोण गं? मैत्रीण म्हणावं तर ती माझ्याहून बरीच मोठी, आणि नातेवाईक म्हणावं तर रक्ताचं काही नाही. "आमची कतीफची आपा," एवढंच म्हटलं आणि मेथी तशीच टाकून गच्चीवर जाऊन रडले.

आता काही आठवडे झालेत. मी कतीफला परत आलेय आणि शांतपणे लिहू शकेन असं वाटतंय... बघू.

माझ्या नवऱ्याची नोकरी पेट्रोकेमिकल कंपनीत, त्यामुळे आम्ही सौदीच्या या पूर्व किनाऱ्यावर आलो. आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगितलं, मासळी बाजारामागच्या गल्लीत एक मराठी बाई राहतात, जाऊन भेटा. आपा मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. भाईंचं कतीफला जाळी, दोर आणि होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकायचं दुकान. मी गेले तेव्हा तिने मला बसवलं, आत गेली, भांड्यांचा आवाज झाला, आल्याचा वास आला आणि आतून ती ओरडली, "खलास!"

मला वाटलं, चहा संपला. नवीन घर, पहिली भेट, बाईंची पंचाईत नको म्हणून मी नाशिककरी शहाणपणाने बसल्या जागेवरून ओरडले, "अहो राहू द्या, मी चहा घेतच नाही!" आपा दारात आली. हातात चहाचा वाफाळता टोप, काठोकाठ भरलेला. इथे खलास म्हणजे झालं, तयार आहे, या, हे मला कुठे ठाऊक? तिच्या मात्र सगळं लक्षात आलं असणार, कारण तिने अगदी गंभीर चेहऱ्याने टोप परत नेला आणि मला लिंबूपाणी आणून दिलं. पुढच्या खेपेलाही लिंबूपाणी. त्याच्या पुढच्या खेपेलाही! मी समोरच्यांच्या कपांकडे बघत ते आंबट पाणी पीत राहिले. शेवटी एकदा माझा धीर सुटला, आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्या घरात माझं नाव कायमचं 'चहा न घेणाऱ्या बाई' पडलं.

आपा पुण्यात जर्मन शिकली होती. एम.ए. झाली, प्रबंधही सुरू केला होता. विषय होता एकोणिसाव्या शतकातला एक ऑस्ट्रियन नाटककार, आणि त्याच्या नाटकांकडे समीक्षकांनी कसं कसं पाहिलं ते. लग्न झालं, कतीफला आली आणि प्रबंध पुण्यातच राहिला. त्या नाटककाराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्यात ते कुणी घेतच नसे. मी पहिल्यांदा ते उच्चारलं तेव्हा आपाने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "असू दे, तू आपली व्हिएन्नाकर म्हण." तेव्हापासून ते व्हिएन्नाकर. चिपळूणकर, दापोलीकर, तसे आमचे व्हिएन्नाकर, अगदी अहोजाहो करून.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं आटोपली की आम्ही तिच्याकडे जमायचो. मी, खालच्या मजल्यावरची रायगडची शबाना, आणि माझ्या नवऱ्याच्या कंपनीतले पुण्याचे कुलकर्णी. भाई तेव्हा दुकानात असायचे. आपा जर्मन पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि समोरच्या ओळी तिथल्या तिथे मराठीत सांगत जायची. राजा शुद्ध पुण्याच्या मराठीत बोलायचा, दासी मात्र थेट खाडीवरची. लिहून काही ठेवत नव्हती. मी कितीदा म्हटलं, आपा, निदान फोनवर रेकॉर्ड करू दे, तर हात झटकायची. तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, 'काम करण्यास परवानगी नाही' असं छापलेलं होतं, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या सगळ्याच बायकांच्या असतं तसं. ती ते काढून दाखवायची आणि म्हणायची, व्हिएन्नाकरांना त्यांच्या सेन्सॉरने वेगळं काय सांगितलं होतं?

समीक्षकांविषयी बोलायला लागली की तिला भलतीच रंगत चढायची. लग्नाच्या पंगतीत जेवून वर नावं ठेवणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं बोलायची. एका पंगतीचं म्हणणं असं की हा सरकारी नोकर, आयुष्यभर कचेरीत बसलेला, म्हणून याच्या नाटकांतली माणसं मोठं काही मागायला निघतात आणि ऐन वेळी कच खातात. राजाला खपेल तेवढंच बंड. दुसरी पंगत म्हणते, तुम्हाला ऐकू येत नाही, सेन्सॉर उशाशी असताना माणूस जिथे गप्प बसतो तिथेच तो बोलत असतो. आणि अलीकडची तिसरी पंगत म्हणते, पुरुष पात्रांची भाषणं सोडा, त्यातल्या बायका काय म्हणतात ते ऐका. आपाला तिसरी पंगत त्यातल्या त्यात बरी वाटायची, पण भांडण तिघांशीही होतं. तिचं म्हणणं, हे सगळे शेवट आला की घाईत असतात. माणसाने हात मागे घेतला एवढंच यांना दिसतं, कशावरून घेतला ते कुणी बघत नाही.

आमचे कुलकर्णी पहिल्या पंगतीतले. सज्जन माणूस, पण प्लांटवर माणसं हाकून हाकून आवाज चढलेला. एकदा आपा सांगत होती की व्हिएन्नाकरांची एक कॉमेडी सपशेल पडली, लोकांनी हुर्यो उडवली, आणि मग त्यांनी पुढची नाटकं रंगभूमीला दिलीच नाहीत. लिहिली, आणि मरेपर्यंत खणात ठेवली. कुलकर्णी लगेच म्हणाले, "म्हणजे खलास झाला की माणूस! हात टेकले त्याने."

मला ती ओळ तेव्हा टोचली. आपाकडे बघवेना, कारण पुण्यात राहिलेला प्रबंध आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. माझ्याही मनात कितीदा तेच येऊन गेलं होतं की हिने हात टेकले, एवढी बुद्धी मासळी बाजारामागे चहा करण्यात घालवली. पण आपा चिडली नाही. तिने खजुराची ताटली कुलकर्ण्यांपुढे सरकवली.

"हात टेकणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं, कुलकर्णी. आणि खलास म्हणालात, तो कुठला? मराठीतला खलास म्हणजे मेला. इथला खलास म्हणजे झालं, पुरं झालं, आता काळजी नको. आणि हा तुम्ही उचललात ना, त्या खजुराचं नावही खलासच. बागवाल्यांना विचारा, याच्यापुढे खजूर नाही म्हणतात. आता सांगा, आमचे व्हिएन्नाकर कुठले खलास झाले?"

कुलकर्ण्यांच्या तोंडात खजूर होता. त्यांनी तो गिळला आणि दुसरा उचलला. शबाना मात्र दिवसभर त्या वाक्यावरून त्यांना छळत होती.

तर असं आम्ही एकेक नाटक संपवत आलो. मग खणातलं शेवटचं घेतलं आणि त्याच सुमाराला आपा आजारी पडली. शेजारच्या दमाम शहरातल्या इस्पितळात जाणं-येणं सुरू झालं. मधे बरं वाटलं तेव्हा भाई तिला मक्केला उमऱ्याच्या यात्रेला घेऊन गेले. परत आल्यावर म्हणाली, तुझ्यासाठीपण मागून आले गो, पण काय मागितलं ते सांगणार नाही. शुक्रवार चुकायला लागले. शेवटचा अंक तेवढा राहिला. तो राहिला याचं मला जितकं लागलं होतं तितकं तिला लागलेलं दिसत नव्हतं, आणि याचाच मला राग यायचा. तिचं असं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. ती गेली की ते सगळं जाणार, हे मला दिसत होतं. तिला दिसत नसेल असं कसं म्हणू?

नाशिकला निघण्याच्या आदल्या दिवशी भेटायला गेले. दिवाणावर पडून होती. दाट केसांचा तिला केवढा अभिमान, आता डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला. पुस्तक खिडकीत, तिला हाताला येईल असं. मी हातपाय चेपून दिले, इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना न राहवून म्हणाले, "आपा, शेवटचा अंक राहिलाय. मी आले की करूया ना?"

ती माझ्याकडे बघून हसली. "खलास, वैशाली."

बस, एवढंच. मी मान हलवली आणि जिना उतरले. गाडीत नवऱ्यापाशी फणकारले की हिने हात टेकले, सोडून दिलं सगळं. तो बिचारा गाडी चालवत राहिला. नाशिकला पोचल्यावर राग ओसरला आणि मला वाटायला लागलं, अगं, विचारायला हवं होतंस की, कुठला खलास? फोन करून विचारते, आज विचारते, उद्या विचारते... आणि मग भाईंचाच फोन आला. त्या दिवसापासून हे एकच डोक्यात घर करून बसलं होतं. ती हरून म्हणाली, की मिटलं म्हणून म्हणाली? हरून म्हणाली असेल तर मला ते सहन होणार नव्हतं.

मी परतल्याचं कळल्यावर भाईंनी निरोप धाडला, शुक्रवारी या, घर बंद ठेवायचं नाही. आम्ही तिघं गेलो. दिवाण तसाच, पुस्तक खिडकीतच, आणि भाई दुकान बंद करून घरी थांबलेले. शुक्रवारी दुपारी त्यांना घरात मी पहिल्यांदाच बघत होते. मी बसायच्याही आधी विचारलं, भाई, शेवटच्या अंकाचं आपा काही म्हणाली होती का? ते म्हणाले, "मी विचारलं होतं. खलास म्हणाली." मग ते चहा करतो म्हणून आत गेले.

कुलकर्ण्यांनी खिशातून फोन काढला. कुठून तरी त्या नाटकाचं इंग्रजी भाषांतर मिळवून आणलं होतं, तेही आम्हाला न सांगता. म्हणाले, आपल्याला जर्मन येत नाही, पण करून बघू. अंक उघडला तर सुरुवातीलाच कंसातली एक सूचना, एक माणूस पुढे केलेला हात मागे घेतो. आम्ही तिथेच अडलो. 'मागे घेतो' फारच कोरडं वाटलं. मी म्हटलं 'माघार घेतो', शबानाने नाक मुरडलं. कुलकर्ण्यांनी स्क्रीनवरची ती ओळ बोटांनी मोठी करून पुन्हा वाचली. मग घसा साफ करून म्हणाले, "आवरतो. हात आवरतो, असं घ्या." शबाना त्यांना छळायची विसरली. मी दुसऱ्या वाक्याला हात घातला. चुकत होतं, अडखळत होतं, शबानाच्या तोंडी दासी रायगडची होऊन बसली होती. पण चाललं होतं.

तेवढ्यात आतून भाईंचा आवाज आला, "खलास!"

आणि आम्ही तिघंही उठलो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, विचार केला नाही. इतक्या शुक्रवारांची पायांना लागलेली सवय. उठून उभी राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं. या घरात हा शब्द कधीच संपलं म्हणून उच्चारला गेला नव्हता. पहिल्या दिवशी ऐकला तेव्हाही नाही. माझं झालंय, तुम्ही या आणि घ्या, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि मीच वेडी, दुसऱ्यांदा तीच चूक करून बसले होते. डोळे पुसायला पदर नव्हता, अबायाच्या बाहीने पुसले.

भाई ट्रे घेऊन आले. चहाचे तीन कप, खजुराची ताटली आणि लिंबूपाण्याचा एक ग्लास. तो ग्लास त्यांनी जपून माझ्यापुढे ठेवला. "जमीलाने बजावून ठेवलंय," ते म्हणाले, "वैशालीताई चहा घेत नाहीत." चेहरा अगदी गंभीर. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं आणि जाता जाता तिने आम्हा दोघांचीही फिरकी घेतली होती, की तेही तिला सामील होते, हे मला अजून कळलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. मी तो ग्लास तळापर्यंत प्यायले. मग कपासाठी हात पुढे केला.