जपूनबाई आणि उन्हावरची गाडी

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना शाळेत जपूनबाई म्हणायचे. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण जिन्यात, नळापाशी, मागच्या बाकावर हेच नाव. बाईंच्या तोंडी दिवसभर तो एकच शब्द असायचा. खिडकी उघडली, जपून. कंपास काढला, जपून. एकदा एका मुलीला जोराची शिंक आली, तर तिलाही जपून म्हणाल्या, आणि वर्ग आठवडाभर खिदळत होता.

हसणाऱ्यांचं काय जातं म्हणा. बाईंचे वडील वायरमन होते. बाई शाळकरी असताना एका संध्याकाळी विजेचा झटका बसलेल्या वडिलांना दोघांनी धरून घरी आणलं, आणि त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं कधी सरळ झाली नाहीत. त्यांच्या शर्टाची बटणं लावायचं काम बाईंकडे आलं. धाकटी बहीण तेव्हा रांगत होती, तिला त्यातलं काही आठवत नाही. बाईंना बटणांसकट सगळं आठवतं. उघडी वायर दिसली की अजून त्या हात पाठीमागे नेतात.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी उन्हावर चालणाऱ्या गाड्यांचा तास घातला. कुठूनशी खोकी आली होती. त्यांत तळहाताएवढी सोलर पॅनेल, इवल्याशा मोटरी, दातेरी चाकं, तारा. दर शुक्रवारी मुलांनी स्वतः गाडी बांधायची, चुकायचं, पुन्हा बांधायची, असा बेत.

"महिनाअखेर पालकांना बोलावू," मुख्याध्यापक म्हणाले. "गाडी पटांगणाच्या टोकापर्यंत गेली तर तास चालू. नाही गेली, किंवा एकाही पोराला भाजलं, तर खोकी परत." माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त भानगड नको होती.

शिकवायला बाई पक्क्या. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्यांचं काम अडतं, हे त्यांनी फळ्यावर असं समजावलं की मागच्या बाकालाही कळलं. पण तारांना डाख द्यायची वेळ आली की कथील वितळवणारी सोल्डर गन बाईंच्याच हातात. मुलांना चार हात लांब उभं करायचं आणि सगळ्या गाड्यांचे सगळे सांधे स्वतःच जोडायचे. मुलं बघत राहायची. याला शिकणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

त्याच वर्गात बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी होती. घरी मावशी, शाळेत बाई, हा तिचा नेम. बहिणीनं आधीच बजावलं होतं, "ताई, आमची कार्टी धांदरट आहे. तापलेलं काही तिच्या हातात देऊ नकोस." बाईंना हे सांगायची गरजच नव्हती.

मग भलतंच सुरू झालं. मुलं पटांगणात गाडी ठेवायची, ती धावायची. बाई जवळ जाऊन वाकून बघायला लागल्या की थांबायची. सांधा सुटला असेल म्हणून बाई गन तापवायला आत गेल्या की मागे गलका, गाडी पुन्हा चालू. परत आल्या की ठप्प. तोच सांधा त्यांनी इतक्यांदा जोडला की तिथे कथलाचा गोळा झाला. "आपला पायगुणच वाईट," असं विज्ञानाच्या बाईंनी स्वतःशी म्हणावं, आता काय बोलायचं. भीतीनं डोकंच चालत नव्हतं त्यांचं.

पालक आले त्या दिवशी ऊन लख्ख होतं. बहीण पुढेच उभी होती. भाचीनं गाडी खाली ठेवली आणि गाडी निघाली. बाईंना राहवेना. तार सुटेल, गाडी कोणाच्या पायात येईल, पोरगी धावताना पडेल. त्या वाकून, दोन्ही हात पसरून गाडीबरोबर चालू लागल्या. लगेच गाडी थांबली.

मुख्याध्यापकांनी घड्याळात पाहिलं. संपलं, माझ्या हातानं संपलं, एवढंच बाईंच्या डोक्यात घुमत होतं. त्या आणखी खाली वाकून सांधा चाचपू लागल्या.

"मावशी, बाजूला हो," भाची म्हणाली.

शाळेत ती कधी मावशी म्हणत नसे. बाईंनी मान वर केली.

"तुझी सावली पडलीय त्याच्यावर. तूच शिकवलंस ना?"

बाईंनी खाली पाहिलं. आपलं डोकं, खांदे, पसरलेले हात, सगळं त्या एवढ्याशा पॅनेलवर. लाजेनं कान तापले, तरी पाय हलेनात. बाजूला व्हायचं म्हणजे गाडी आणि पोर, दोघांनाही सोडून द्यायचं. मग त्या कशाबशा मागे सरकल्या. मोटर गुणगुणली, गाडी निघाली, थोडी पुढे गेली, आणि एका खड्याला अडखळून उलटली. तार निघून आली.

व्हरांड्यातल्या टेबलावर गन तापत ठेवलेलीच होती. बाईंनी सवयीनं ती उचलली आणि वळल्या, तर भाची गाडी टेबलावर ठेवून हात पुढे करून उभी. कोवळी, सरळ बोटं. बाईंना वडिलांच्या शर्टाची बटणं आठवली.

"ताई," बहीण मागून म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

तोंडाशी आलेला नेहमीचा शब्द बाईंनी गिळला. "मूठ धर, पुढचं टोक तापलंय," त्या भाचीला म्हणाल्या. "आधी तार तापव, मग कथील लाव." आणि गन तिच्या हातात दिली.

धूर निघाला. बाईंनी स्वतःचे हात काखेत घट्ट दाबून धरले. डाख ओबडधोबड बसला, पण बसला. पोरीनं फुंकर मारली, गाडी पुन्हा उन्हात ठेवली. ती वाकडीतिकडी जात टोकाच्या भिंतीवर थडकली. "खोकी राहू द्यात," मुख्याध्यापक म्हणाले आणि पालकांकडे वळले.

पटांगण रिकामं झाल्यावर बाईंनी भाचीचा हात धरून एकेक बोट उघडून पाहिलं. भाचीनं पाहू दिलं.

भीती गेली असं कोणी समजू नका. ती दर शुक्रवारी येतेच, आणि जपूनबाई हे नावही काही सुटलं नाही. पण आता गन मुलांच्या हातात असते, आणि गाड्या सुटल्या की बाई सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभ्या राहतात, म्हणजे सावली मागे पडते.