बाईंची लाल फुली

माझ्या शिलाईच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर बाईंचा इंग्रजीचा क्लास. मधे फक्त लाकडी तक्तपोशी, त्यामुळे वर शिकवलेलं खाली फुकट मिळायचं. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला माणूस, पण इंग्रजी क्रियापदांच्या भूतकाळाचे नियम मला झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. शेवटी ई असेल तर नुसता डी जोडा. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय उसवा, आय लावा आणि मग ईडी. यातला ‘उसवा’ अर्थात माझा. बाईंना तो ऐकवला तेव्हा त्या चक्क हसल्या. ही बातमी मी आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होतो.

बाई भलत्या कडक. पस्तीस वर्षांत त्यांच्या लाल पेनातून एक चूक सुटली नाही. लग्न केलं नाही, माणसं जोडली नाहीत. मुलं शिकायची, पास व्हायची, उडून जायची. सोबतीला काय ती धाकटी बहीण, नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आलेली. ती आल्यापासून वरून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येऊ लागले आणि बाई जिना उतरताना गुणगुणायला लागल्या.

मग धाकटीच्या परदेशातल्या मुलाने आईला कायमचं बोलावलं. तिथे राहायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. घरातच मास्तरीण असल्यावर काळजी कसली? क्लास सुटला की दोघींची शिकवणी सुरू व्हायची.

मुलांचा भूतकाळाचा धडा आठ दिवसांत संपतो. धाकटीचा चार महिने संपेना. मला वाटलं, असेल बिचारी डोक्याने जड. जिन्यात विचारलं की बाई म्हणायच्या, “अजून कच्चं आहे, मास्तर. एवढ्यात फॉर्म भरायचा नाही.”

फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी धाकटी नवऱ्याचा जुना कोट आपल्या मापाचा करून घ्यायला आली. माप घेता घेता मी चेष्टेने म्हणालो, “आणा ती वही, मीच घेतो परीक्षा.” तिने खरंच पिशवीतून वही काढून दिली. दहा शब्द विचारले, दहाही तिने धडाधड सांगितले. मग मी पान उलटलं आणि चाटच पडलो. ‘स्टडी’चा भूतकाळ तिने बरोबर लिहिला होता. त्यावर लाल फुली. खाली वाय तसाच ठेवून, चुकीचा शब्द दहा वेळा, सुबक अक्षरात.

“अहो, तुमचं तर बरोबर होतं!”

“माहीत आहे.”

“मग हे लिहिलंत कशाला?”

“ताईने लिहायला सांगितलं,” ती खाली बघत म्हणाली. “तिला कळत नसेल का, मास्तर? मी जायला नकोय तिला. आता याच्यावरून तिच्याशी काय भांडू?”

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातून वही घेतली, ते पान पाहिलं आणि वर निघून गेल्या. मला त्यांचा असा राग आला होता म्हणता! ओठांवर आलेले चार शब्द कसेबसे गिळले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म बाईंनीच भरला. धाकटी पहिल्या फटक्यात पास झाली. कोट न्यायला आली तेव्हा आरशासमोर उभी राहून म्हणाली, “ताई एकदा ‘राहा’ म्हणाली ना, तर मी जाणार नाही. पण म्हणत नाही ती.” मी म्हटलं, दोघी बहिणींचा मामला, आपण कशाला नाक खुपसा? एरवी मी कुठे कुठे नाक खुपसतो ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. आठ दिवसांनी ती गेली.

आता बाई रोज दुपारी खाली येतात. काहीतरी निमित्त हवं म्हणून धडधाकट बटण घट्ट करायला आणतात. परवा स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, “मास्तर, मी ‘राहा’ म्हटलं असतं, तर ती राहिली असती का हो?”

मी सुईत दोरा ओवत होतो. वर पाहिलंच नाही.

“छे हो, बाई. मुलाच्या ओढीपुढे कोण राहतं?”

“मलाही तेच वाटतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.