भाजलेली माती

बडोदे स्टेशनवर गाडी सुटताना मी "जाते" म्हणाले, तर बाबा तिथंच ओरडले, "जाते काय? आवजो म्हण!" गुजरातेत निरोप घेताना 'पुन्हा या' असंच म्हणतात. आईनं घाईघाईनं थेपल्यांचा डबा हातात कोंबला. मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करायला मी हैदराबादला निघाले होते. घरी मात्र "मातीचं काहीतरी काम आहे," एवढंच सांगितलं होतं. यांना काय कळणार, हा माझा तोरा.

खरं तर काम सांगण्यासारखं आहे. या जिवाणूंच्या जनुकांत प्रतिजैविक औषध तयार करायची कृती असते. एकेक जनुक एकेक पायरी करवून घेतं. पण लॅबमध्ये आयतं खायला मिळालं की बरीच जनुकं गप्प बसतात. उपासमार झाली, शेजारी भांडायला आला, तर जागी होतात. आम्ही त्यांना उठवत बसतो.

नवं काही सापडेल म्हणून मी आईकडून आमच्या बडोद्यातल्या, फतेगंजच्या घराच्या अंगणातली, सीताफळाखालची माती मागवली. ती पाण्यात कालवून काचेच्या बशीवर पसरली. लॅबमधल्या इतरांच्या बश्यांवर जिवाणूंचे ठिपके उमटले, माझी बशी कोरीच. आईला फोन केला.

"चाळून घेतली, मग कढईत खरपूस भाजली," ती तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत कौतुकानं म्हणाली. "किती जीवजंतू असतात बेटा त्यात! तुझ्या मोठ्या लोकांपुढं खराब नाही ने दिसायला पाहिजे?"

रवा भाजावा तशी माती भाजली होती तिनं. लॅबमध्ये मी कुरिअरवर खापर फोडलं. मला आईची लाज वाटली; हे लिहितानाही कान तापतात.

मग दर रविवारी तिचा प्रश्न, "काय निघालं आपल्या मातीतून?" मी वेळ मारून न्यायचे. परवा शेवटी सांगितलं, की ते जीवजंतूच हवे होते, औषध तेच बनवतात.

ती म्हणाली, "म्हणजे मीच मारले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही गं आई, मी तुला सांगितलंच नव्हतं."

"मग आता सांग ने."

सांगायला गेले तर घरातले शब्दच सापडेनात. हिंदी, इंग्रजी, गुजराती, सगळं मिसळून अडखळत राहिले. ती एकदाही "कळलं" म्हणाली नाही, पण फोनही ठेवला नाही.

तिकडं बडोद्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, ज्यांना सांगायचं आपण टाळलं आणि तरी ज्यांनी विचारायचं सोडलं नाही, ते घर. मला तिथं जायची लाज वाटते, आणि जावंसंही तिथंच वाटतं.