वळणावरचा बाक

भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. पण कानावर पडल्यावर पाय निघेना, हेही खरं. वसतिगृहाच्या इस्त्री केलेल्या चादरी घेऊन मी रेक्टरबाईंच्या खोलीबाहेर उभी होते. आत बाई म्हणत होत्या, वाचनालयाच्या वाटेवरच्या त्या वळणावर आणखी एक पर्स गेली तर दिवेलागणीनंतर मुलींना वाचनालय बंद.

"मॅडम, चोरी त्यानं करायची आणि कोंडून आम्हाला घालायचं?"

हा आवाज चौकशीचा. सगळं वसतिगृह तिला याच नावानं हाक मारायचं. माझ्याकडे कपडे टाकायला आली तरी आधी इस्त्रीचं बूड काळं का पडतं ते विचारणार, मग कपड्यांचं बोलणार. वाचनालयावर तिचा जीव होता, कारण खोलीत चौघी, टेबल एक, आणि त्यातली एक होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर तासन्‌तास हसणारी. तिथं अभ्यास व्हायचा कसा?

मग तिनं वर्गातली मुलंमुली जमवून 'सोबत' सुरू केली. वाचनालयातून घोळका निघायचा तो मुलींना वसतिगृहाच्या दारात सोडून परतायचा. निघायच्या वेळा पाटीवर लिहून ती वाचनालयाच्या दारात लावली. वाट माझ्या खिडकीखालून जाते, वळणही तिथंच. पोरं गाणी म्हणत इतकी वेळेवर जात, की मी त्यांच्या वेळेवर माझा चहा टाकायला लागले.

आणि तरी पर्स गेली. त्याच वळणावर, घोळका पुढे गेल्या गेल्या. चपलेचा पट्टा तुटला म्हणून एकटी मागे राहिलेल्या पोरीची. रेक्टरबाईंनी कुलूप बाहेरच काढलं. चौकशीनं हातापाया पडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

ज्यांच्या ज्यांच्या पर्स गेल्या, त्या सगळ्यांना ती भेटली. चोर कसा होता हे सगळे विचारून दमले होते. ही विचारायची, त्याच्या आधी तिथून कोण गेलं होतं? मलाही विचारलं, आम्ही गेल्यावर खाली काय दिसतं? मी म्हटलं, काय दिसणार, सामसूम. तुम्ही गेलात की मी चहा टाकते.

तिनं हातातला गरम कुर्ता पुन्हा टेबलावर ठेवला.

"आजी, आमची वेळ तुम्हाला पाठ. मग त्यालाही असणारच की."

पाटी तिनं स्वतःच्या हातानं उतरवली. चोराला वेळापत्रक आपणच दिलं, म्हणून स्वतःलाच हसली. दुसऱ्या दिवशी कँटीनमागचा बाक ओढत आणून वळणावर दिव्याखाली ठेवला. आता दोघं-दोघं पाळीनं तिथं बसून मोठ्यानं पाठांतर करू लागले. कधी येतील, कधी उठतील, काही नेम नाही. डॉक्टरकी शिकणारी पोरं ती, हाताच्या हाडांची नावं अजून माझ्या कानात आहेत.

एका संध्याकाळी भिंतीला स्कूटर लावून एक गृहस्थ उभे. नेहमीचेच, कुणाचे तरी वडील असतील, असं सगळे धरून चालले होते. चौकशी उठून जवळ गेली.

"काका, कुणाला न्यायला आलात?"

पुतणीला, म्हणाले. कुठल्या वर्गात? मजला कुठला? नाव सांगा, मी बोलावून आणते. काकांना पुतणीचं नाव काही आठवेना. किका मारू लागले तर स्कूटर चालू होईना, तेव्हा हिनंच सुचवलं, काका, चोक ओढून बघा. तोवर बाकावरच्या पोरानं फोन करून फाटकावरच्या रखवालदाराला बोलावलं होतं. त्यानं डिकी उघडायला लावली, तर आत तीन मुलींची ओळखपत्रं निघाली.

वाचनालय उघडंच राहिलं. रेक्टरबाई शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. वळणावरच्या दिव्यात मोठा बल्ब तेवढा लावून घेतला.

शेवटचा पेपर झाला तेव्हा चौकशीचे वडील सामान भरून फाटकाशी थांबले होते. ती राहिलेला कुर्ता न्यायला माझ्याकडे निघाली, तर वाचनालयाच्या दारात एक नवी मुलगी अंधारत्या वाटेकडे बघत उभी. वडील हॉर्नवर हॉर्न देत होते.

"वसतिगृहात ना? चल," चौकशी म्हणाली आणि वळून तिच्याबरोबर चालू लागली. कुर्ता माझ्या टेबलावर घडी घालून तसाच. खिडकीखालून जाताना आवाज आला, कुठून आलीस गं, खोलीत किती जणी, आणि टेबल कुणाच्या वाट्याला आलंय?