सोमवारचं पित्त

"डॉक्टर, परत उठलं!" बाळूची आई त्याला काखोटीला मारून डिस्पेन्सरीत शिरली. पोराच्या पोटापाठीवर लालभडक चकंदळं, ओठही जरा सुजलेला. माझा कंपाउंडर हळूच म्हणाला, "आज सोमवार."

"मला कळतं," मी खेकसलो.

बाळू तीन वर्षांचा. वर्षापूर्वी चमचाभर दुधाने त्याचा श्वास कोंडला होता. तेव्हापासून आईने त्याला पेजेवर वाढवलं. याला ॲलर्जी म्हणतात. शब्द तेव्हा नवाच होता. शरीर उगाचच दुधाला शत्रू समजतं आणि भांडायला उठतं, एवढाच त्याचा अर्थ. थेंबाथेंबाने सवय लावून पाहावी, असं मी वाचलं होतं. पहिला डोस माझ्यासमोर झाला, पुढचे घरी आई ड्रॉपरने पाण्यातून देई. तिने विश्वासाने एकुलतं एक पोर माझ्या हाती दिलं होतं. श्वास पुन्हा कोंडला तर? या भीतीने मला जेवण गोड लागत नव्हतं.

मंगळवार ते रविवार पोर ठणठणीत. सोमवारी पित्त. सलग तिसरा सोमवार! थेंब तर चारच्या वर गेले नव्हते.

मला म्हशीचा संशय आला. गवळ्याला बोलावलं.

"सोमवारी म्हशीला वेगळं काय घालतोस?"

"पेंड नि गवत, नेहमीचंच. सोमवार म्हणून ती काय उपास करतेय?"

कंपाउंडर बाटल्यांमागे तोंड लपवून हसला. मला फार राग आला, विशेषतः गवळ्याचं बरोबर होतं म्हणून.

पुढच्या सोमवारी सकाळीच मी बाळूच्या घरी पडवीत जाऊन बसलो. आईने चार थेंब पाजले. काही झालं नाही. एवढ्यात आतून घंटा वाजली आणि बाळू धूम पळाला. मी मागोमाग. देवघरात त्याचे आजोबा, आप्पा, श्रावणी सोमवारचा अभिषेक उरकून बसले होते. बाळूने हात पुढे केला. एक पळी. दुसरी पळी. "आणखी!" तिसरी.

"आप्पा, थांबा! त्यात दूध आहे!"

"दूध? शिव शिव! पंचामृत आहे. तीर्थ."

"आणि दही?"

"तेही."

"तेही काय?"

"तेही तीर्थच."

मी आईकडे वळलो. "काय काय खातो, मी विचारलं होतं ना?"

"पण तीर्थ कोण खाण्यात धरतं हो?" ती रडवेली झाली.

चौकशीत कळलं, आप्पांनी चातुर्मास लागल्यापासून आधी बोटाने ओठाला लावलं, मग अर्धी पळी, मग रोज एक. सोमवारी अभिषेक मोठा, म्हणून तीन. एक पळी पचत होती, तीन अंगावर उठत होत्या. मी पळी मागून घेतली आणि ड्रॉपरने मोजली. मी चार थेंबांवर अडलो होतो, आप्पा केव्हाच साठच्या पुढे गेले होते.

"रोज एकच पळी. सोमवारीसुद्धा," मी बजावलं.

"देवाच्या दारी मोजमाप?"

"देवाला हवं तेवढं घाला. बाळूला एक."

कुरकुरत का होईना, आप्पांनी ऐकलं. पित्त थांबलं. मग आम्ही सावकाश वाढवत गेलो. वर्षभराने बाळू माझ्यासमोर वाटीभर दूध प्यायला आणि त्याने ओठावरची पांढरी मिशी पुसली. आई पदराने डोळे पुसत होती. मलाही भरून आलं, पण कंपाउंडर बघत होता.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी दोन प्रश्न विचारतो. मूल काय खातं? आणि पूजेनंतर त्याच्या हातावर काय पडतं? दुसऱ्याचं उत्तर नेहमी लांबलचक असतं.