पट्टीखालची भोकं

जुन्या मोटरबोटीच्या कडेची रबरी पट्टी मिस्त्रींनी उचकटली. धक्क्यावर घासून कड फुटू नये म्हणून ही पट्टी बारा वर्षांपूर्वी त्यांनीच बसवली होती. तेव्हा घाईत त्यांनी स्क्रूची जुनी भोकं आगकाड्या ठोकून बुजवली, वर पाणी अडवणारं सीलंट भरलंच नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून वर हसलेही होते. आता आतलं लाकूड भिजल्या पावासारखं बोटाखाली दबत होतं.

"नशीब, वेळेत सापडलं," बोटीचा मालक म्हणाला.

त्या वर्षी मिस्त्रींनी अशाच अकरा बोटी केल्या होत्या. त्यातलीच एक जावयाची. आज सकाळी लेकीला आणि नातीला त्या बोटीत त्यांनीच हात धरून चढवलं होतं.